दोन बैल आणि एक कॉलेज

२०१२च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या एका छोट्या कॉलेजने जाहीर केलं, की आपल्या शेतावरचे दोन बैल कापायचे आणि त्यांचं मांस कॉलेजच्याच मेसमध्ये विद्यार्थ्यांना वाढायचं. बैलांची नावं बिल आणि लू. दहाएक वर्षं या जोडीने कॉलेजच्या शेतावर काम केलं होतं. जू कसं चढवायचं, बैलाला हाक कशी द्यायची, हे विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या याच दोघांच्या मागे चालत शिकल्या होत्या. त्या वर्षी लूचा मागचा पाय दुखावला आणि काही केल्या बरा होईना. जोडी फुटली. एकाच जोडीदाराची सवय झालेल्या बैलाला दुसऱ्याबरोबर जुंपणं किती अवघड असतं, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. म्हणून दोघांनाही.

बातमी बाहेर गेली आणि जगभरातून ईमेल, फोन, याचिका यांचा पाऊस पडला. व्हरमाँटमधल्याच ‘व्हाइन’ नावाच्या एका पांजरपोळाने (त्यांचा शब्द ‘सँक्च्युअरी’, पण आपल्याकडे त्याला हाच शब्द आहे) सांगितलं, की दोन्ही बैल आम्हाला द्या, आम्ही त्यांना मरेपर्यंत सांभाळू. पैसे नकोत. कॉलेजने नकार दिला.

फुकट सांभाळायला कुणी तयार असताना बैल कापायचा हट्ट का? हा प्रश्न मला पडला, तसा तुम्हालाही पडला असेल. पण हे कॉलेज क्रूर माणसांचं नव्हतं. उलट, निसर्गाशी नीट वागायचं कसं, हेच शिकवण्यासाठी ते चाललेलं होतं. म्हणून तर हे प्रकरण दहा-बारा वर्षांनंतरही डोक्यातून जात नाही.

कॉलेजचं नाव ग्रीन माउंटन कॉलेज. गावाचं नाव पोल्टनी, लोकवस्ती तीन-साडेतीन हजार. न्यू यॉर्क राज्याच्या हद्दीला लागून असलेला हा पट्टा स्लेट दगडाच्या खाणींचा आहे. एकोणिसाव्या शतकात वेल्समधून खाणकामगार इथे आले आणि इथलेच झाले. कॉलेजच्या शेताचं नाव ‘केरिद्वेन’, तेही वेल्श लोककथांतलंच. मेथडिस्ट पंथाच्या लोकांनी १८३४ साली सुरू केलेली ही संस्था पुढे बरीच रूपं बदलत गेली आणि १९९०च्या दशकात तिने ठरवलं, की आपण ‘पर्यावरण लिबरल आर्ट्स’ कॉलेज व्हायचं.

म्हणजे काय? आपल्याकडे पर्यावरणाचा अभ्यास म्हटलं की एक वेगळा विषय, एक वेगळं पुस्तक, आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षी कसाबसा पूर्ण केलेला एक प्रकल्प. तिथे उलटं होतं. तुम्ही तत्त्वज्ञान घ्या, इंग्रजी घ्या, व्यवस्थापन घ्या, पर्यावरण सगळ्यांच्या पायाशी. प्रत्येक विद्यार्थ्याला काही समान विषय असत. त्यांची नावंच बघा : ‘इमेजेस ऑफ नेचर’, ‘व्हॉइसेस ऑफ कम्युनिटी’, ‘डायमेन्शन्स ऑफ नेचर’ आणि शेवटी ‘अ डेलिकेट बॅलन्स’. निसर्गाची चित्रं, समाजाचे आवाज, निसर्गाची अंगं, आणि नाजूक तोल.

आणि वर्गात जे शिकवायचं ते कॉलेजने स्वतः करून दाखवायचं, असा आग्रह. २०१० साली लाकडाच्या चिपांवर चालणारा बॉयलर बसवला. २०११ साली कॉलेज ‘क्लायमेट न्यूट्रल’ झाल्याची घोषणा केली. २०१३ साली कोळसा-तेलाच्या कंपन्यांमधून आपली गुंतवणूक काढून घ्यायचं ठरवलं. विद्यार्थी किती? हजारही नाहीत. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी ज्युनियर कॉलेजच्या काही तुकड्या.

अशा छोट्या कॉलेजात शिकण्याची गंमत काय असते, हे मोठ्या विद्यापीठात शिकलेल्याला पटकन कळत नाही. मोठ्या ठिकाणी तुम्ही हवामानबदलावर निबंध लिहिता, चांगले गुण घेता आणि कॅन्टीनला जाऊन वडापाव खाता. निबंधाचा आणि वडापावाचा संबंध कुणी जोडत नाही. जोडायची गरजही नसते, कारण तेल कुठून आलं, पाव कुणी भाजला, कचरा कुठे गेला, हे सगळं नजरेआड. छोट्या ठिकाणी ही सोय नसते. मेसमध्ये वाढलेली भाजी तुम्ही मंगळवारी खुरपलेली असते. मेसच्या कंत्राटावर भांडण झालं, तर ते ज्यांच्याशी झालं त्यांच्यासमोरच उद्या वर्गात बसायचं असतं. तत्त्व आणि ताट यांच्यात अंतर उरत नाही.

बिल आणि लूच्या वेळी नेमकं हेच झालं. ‘मांस खावं का’ हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात दर वर्षी येत असणार. या वेळी तो आला तेव्हा त्याला चार-चार पाय होते, आणि तो खिडकीतून दिसत होता.

कॉलेजचं म्हणणं आधी नीट ऐकू या. ते मूर्खपणाचं नव्हतं. मेसमध्ये मांस खाणारे बहुसंख्य होते, शाकाहारी आणि व्हिगन विद्यार्थ्यांसाठी वेगळी सोय होती. जे मांस खातात त्यांच्यासाठी मांस कुठून तरी येणारच. ते बहुतेक वेळा येतं अशा अवाढव्य व्यवस्थेतून, जिथे हजारो जनावरं चिखलात उभी करून मका खाऊ घालतात. अमेरिकेत वर्षाला तीन कोटींहून जास्त गाईबैल कापले जातात. त्यातल्या एकाचंही नाव कुणाला माहीत नसतं. मग ज्यांना आपण ओळखतो, जे उघड्या कुरणात चरले, ज्यांना चांगलं वागवलं गेलं, त्यांचं मांस खाणं जास्त प्रामाणिक नाही का? बैल पांजरपोळात पाठवले तरी ते चारा खाणारच, पाणी पिणारच, मिथेन सोडणारच. आणि मेसमधली कमी भरून काढायला तेवढंच मांस कारखानदारी शेतीतून विकत आणावं लागणार. म्हणजे दोन जीव वाचले म्हणून आपण टाळ्या वाजवायच्या आणि त्यांच्या बदल्यात न दिसणारे दुसरे जीव जाऊ द्यायचे.

या निर्णयावर कॉलेजात खुली सभा झाली, चर्चा झाली. शेतावर राबणारे बरेच विद्यार्थी निर्णयाच्या बाजूने होते. ओरडणारे जास्त करून बाहेरचे होते.

दुसरी बाजूही तितकीच साधी होती. या दोघांनी दहा वर्षं काम केलं. काम करणाऱ्याला म्हातारपणी विश्रांती मिळावी. ‘व्हाइन’च्या पॅट्रिस जोन्स यांनी पुढे या प्रकरणावर ‘द ऑक्सन ॲट द इंटरसेक्शन’ नावाचं पुस्तकच लिहिलं, ते २०१४ साली आलं. त्यांची भूमिका अशी, की बैल हे कुणाच्या मालकीची वस्तू नाहीत. आणि ‘आम्ही शाश्वत शेती करतो’ असं म्हणणाऱ्यांनी या मूळ गोष्टीला बगल दिली.

पर्यावरणाच्या नीतीचा अभ्यास करणाऱ्यांना हे भांडण नवं नव्हतं. अमेरिकेत आल्डो लिओपोल्डचं ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ १९४९ साली आलं. जमीन, पाणी, झाडं, प्राणी यांचा मिळून एक समाज असतो, आणि त्या अख्ख्या समाजाचं भलं होतं की नाही यावरून आपलं वागणं तपासावं, असं लिओपोल्ड सांगत होता. तो स्वतः शिकार करायचा. त्याच्या दृष्टीने एक हरीण मरणं हा प्रश्न नव्हता, डोंगरावरची हरणं बेसुमार वाढून जंगलच खलास होणं हा प्रश्न होता. १९७५ साली पीटर सिंगरचं ‘ॲनिमल लिबरेशन’ आलं आणि त्याने प्रश्न उलट टोकाने विचारला : ज्याला वेदना होते त्याची वेदना मोजा, तो कोणत्या जातीचा प्राणी आहे ते बघू नका. दोघेही ‘निसर्गप्रेमी’च्या कप्प्यात टाकले जातात, पण त्यांचं एकमेकांशी पटत नाही. १९८४ साली मार्क सॅगॉफ या तत्त्वज्ञाने तर एका लेखाच्या शीर्षकातच म्हणून टाकलं, की प्राणिमुक्ती आणि पर्यावरणनीती यांचं लग्न वाईट होतं आणि काडीमोड लगेच झाला.

ग्रीन माउंटनमधल्या विद्यार्थ्यांनी हे सगळं वाचलेलं असणार. पण वाचलेलं भांडण आणि गोठ्यात उभं असलेलं भांडण यांत फरक असतो.

इथे थोडं आपल्याकडे येतो. मराठी वाचकाला ‘म्हाताऱ्या बैलाचं काय करायचं’ हा प्रश्न परदेशी नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला हळद-तूप किंवा लोणी चोळतात, गरम पाण्याने शेकतात. विदर्भात तर त्यांना रीतसर आवतण देतात, की उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी शिंगांना बेगड, अंगावर झूल, आणि पुरणपोळीचा घास. ज्याने वर्षभर राबून आपल्याला जेवू घातलं त्याला एक दिवस पाहुणा करायचं. माझ्या मते आपल्या सणांमधला सगळ्यात सुंदर सण हाच.

आणि पोळा झाल्यावर? बैल थकला, बसायला लागला, की बाजार. बाजारात व्यापारी. व्यापाऱ्यानंतर पुढचं कुणी विचारत नसे. सगळ्यांना माहीत असे, आणि कुणालाच माहीत नसे. बैल विकायच्या दिवशी घरातल्या बायका ओवाळायच्या आणि आत निघून जायच्या. पोरांना कुठेतरी पाठवून द्यायचे. दावं सोडताना शेतकऱ्याचे डोळे भरायचे, हेही खरं, आणि हातात आलेल्या पैशात थोडी भर घालून नवा गोऱ्हा आणायचा, हेही खरं. त्यात ढोंग होतं असं मी म्हणणार नाही. दोन एकर कोरडवाहू शेतीवर निरुपयोगी बैल पोसणं म्हणजे घरातल्या कुणाच्या तरी ताटातली भाकरी कमी करणं. पण एक गोष्ट नक्की. त्या बैलासमोर उभं राहून ‘तुला मी खाटकाला देतोय’ असं कुणाला म्हणावं लागत नसे. ते काम बाजार करत असे.

या प्रश्नावर सगळं आयुष्य पणाला लावणारेही आपल्याकडे झाले. विनोबांच्या प्रेरणेने १९८२ साली देवनारच्या कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू झाला, तो पुढे वर्षानुवर्षं चालला. मागणी गाईपुरती नव्हती, बैलही त्यात होते. महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने गाय कापायला बंदी होतीच, बैलाला मात्र प्रमाणपत्र घेऊन कापता येत असे. २०१५च्या मार्चपासून बैल आणि वळूही बंदीत आले. आता निर्णय बाजाराच्या हातातून गेला आणि कायद्याच्या हातात आला. ज्यांनी कधी बैल पाळला नाही त्यांनी तो घेतला, आणि ज्याच्या गोठ्यात बैल उभा आहे त्याच्या हातात राहिला फक्त कडब्याचा खर्च. कायद्याबद्दल तुमचं मत काहीही असो, त्यानेही एक गोष्ट तीच केली : बैलासमोर उभं राहायची गरज ठेवली नाही.

म्हणून पोल्टनीतल्या त्या कॉलेजबद्दल मला पहिल्यांदा आदर वाटतो. त्यांनी बाजारावर सोडलं नाही. कायद्यावर सोडलं नाही. पांजरपोळाच्या गाडीत बैल चढवून, हात हलवून, संध्याकाळी बाहेरून आणलेला बर्गर खाल्ला नाही. हे सगळ्यात सोपं होतं. लोकही खूष झाले असते, फोटोही छान आले असते. त्यांनी म्हटलं, हा प्रश्न आमचा आहे आणि आम्ही तो आमच्या ताटातच सोडवू. ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याच दिवशी नाव नसलेल्या गाईचं मांस खाल्लं असेल, हा विचार केला की त्या ओरडण्याचा अर्धा जोर निघून जातो.

अर्धाच. कारण कॉलेजचा हिशोब नीट तपासला, तर तोही पूर्ण बसत नाही.

दोन बैलांचं मांस किती? मेसला फार तर काही आठवडे पुरेल. उरलेलं वर्ष मांस बाहेरूनच येणार. खरोखर कारखानदारी शेतीतलं मांस कमी करायचं असेल, तर मेसचा मेनू बदलणं हा उपाय आहे. आठवड्यातून दोन दिवस मांस बंद केलं तरी बिल-लूच्या कितीतरी पट परिणाम होईल. म्हणजे पाणी, चारा, मिथेन यांची बेरीज ही खरी कारणं नव्हतीच, किंवा एकटी ती पुरेशी नव्हती. खरं कारण दुसरं होतं : आम्ही जे शिकवतो त्याला जागायचं. आम्ही जे खातो त्याच्या डोळ्यांत बघून खायचं. सचोटी.

आणि इथे माझं मन अडतं. डोळ्यांत बघून खाणं चांगलं, पण कुणासाठी चांगलं? बघणाऱ्यासाठी. लूला त्याने काय फरक पडतो? त्याच्या दृष्टीने अनोळखी खाटीक आणि ओळखीचा विद्यार्थी यांत फायदा असेल तर एवढाच, की शेवटपर्यंत त्याला बरं वागवलं गेलं. ते वागवणं तर आधीच झालेलं होतं. मरणातून त्याला काहीच मिळणार नव्हतं. मिळणार होतं विद्यार्थ्यांना : एक खोल, गंभीर, आयुष्यभर लक्षात राहणारा धडा.

शिकवणाऱ्या संस्थेचा हा धोका असतो, आणि जितकी संस्था चांगली तितका तो मोठा. चांगल्या कॉलेजात प्रत्येक गोष्ट धडा होते. नदीला पूर आला, धडा. कोबीवर अळी पडली, धडा. रूममेटशी भांडण झालं, तर त्यावरही सत्र घेऊ. हळूहळू डोळ्यांना सवय लागते, की समोरचं जग आपल्या शिकण्यासाठी मांडलेलं आहे. बिल आणि लू दहा वर्षं धडा होते, जिवंत धडा. आता मरूनही धडा व्हायचे होते. पर्यावरणाचं शिक्षण माणसाला ‘केंद्रस्थानी तू नाहीस’ हे शिकवायला निघालेलं असतं. आणि त्याच शिक्षणाच्या आवारात, फार मोठ्या गांभीर्याने आणि चांगल्या हेतूने, माणूस पुन्हा मधोमध येऊन बसतो. या वेळी तो ग्राहक म्हणून येत नाही, विद्यार्थी म्हणून येतो.

कामाचं देणं हा त्या हिशोबातला राहून गेलेला आकडा आहे असं मला वाटतं. जंगलातल्या हरणाचं आणि आपलं नातं वेगळं. त्याला लिओपोल्डच्या नजरेने बघता येतं : कळप, डोंगर, गवत. मांसासाठी पाळलेल्या जनावराचं नातं आणखी वेगळं. तिथे निदान दोन्ही बाजूंनी काही लपवलेलं नसतं (म्हणजे आपल्या बाजूने). पण जू मानेवर घेतलेला बैल तिसराच असतो. तो आपल्याबरोबर काम करतो. आपण त्याला शिकवतो, तो आपल्याला शिकवतो. हाक मारली की वळतो. जिथे हाक मारली की वळणं आहे, तिथे काहीतरी देणं तयार होतं, मग ते कागदावर असो वा नसो. हे देणं असं नाही, की बैल कधीही कापू नये. कोरडवाहू शेतकऱ्याला ते मी सांगायला जाणार नाही. त्याच्याकडे देणं फेडायला काही उरलेलंच नसतं. पण ज्या कॉलेजची वर्षाची फी आपल्याकडच्या कित्येक घरांच्या दहा वर्षांच्या उत्पन्नाहून मोठी, आणि ज्याच्या दारात कुणी फुकट सांभाळायला उभं आहे, त्याला ‘परवडत नाही’ म्हणता येत नाही. त्याला ‘आमच्या तत्त्वात बसत नाही’ एवढंच म्हणता येतं. आणि एखाद्याचा जीव आपल्या तत्त्वात बसत नाही म्हणून घेणं, ही गोष्ट मला गरजेपोटी घेण्यापेक्षा जास्त भयंकर वाटते.

हे माझं मत. शेतावर राबलेल्या त्या मुलामुलींनी ते ऐकून कदाचित म्हटलं असतं, की तू बाहेरचा आहेस, तुला काय कळतंय. त्या बोलण्यात तथ्य आहे. गावचा निर्णय गावाने घ्यावा, जे परिणाम भोगणार त्यांनी घ्यावा, हे तत्त्वही मला प्यारं आहे. इंटरनेटवरून एखाद्या छोट्या समूहाला हजारो लोकांनी घेरणं हा न्याय नव्हे. ज्या कत्तलखान्याशी कॉलेजने बोलणं केलं होतं, त्याला इतका त्रास झाला की त्याने अंग काढून घेतलं. कत्तलखाना चालवणारी ती स्थानिक, साधी माणसं होती, बड्या कंपन्या नव्हत्या. बड्या कंपन्यांना असले फोन लागतही नाहीत. फक्त, समूहाने निर्णय कसा घ्यावा हा एक प्रश्न, आणि घेतलेला निर्णय बरोबर आहे का हा दुसरा. सभेत बिल आणि लू नव्हते. मतदान कितीही नीट झालं तरी ही एक खुर्ची रिकामीच राहते.

मग काय झालं? ११ नोव्हेंबर २०१२च्या पहाटे लूला इंजेक्शन देऊन मारण्यात आलं. पायाची वेदना वाढली होती, थंडी आणि बर्फ पुढे होता. औषध टोचून मारलेल्या जनावराचं मांस खाता येत नाही. लूला पुरलं. कॉलेजने कळवलं, की बिल पांजरपोळात जाणार नाही, आमच्याकडेच राहील, आम्ही त्याची काळजी घेऊ.

म्हणजे दोन्ही बाजूंना हवं होतं त्यातलं काहीच झालं नाही. कॉलेजला त्याचा प्रामाणिक बर्गर मिळाला नाही, प्राणिप्रेमींना त्यांचे दोन सुखी म्हातारे बैल मिळाले नाहीत. कधी कधी भांडण इतकं मोठं होतं, की ज्याच्यासाठी चाललंय तो मध्येच मरून जातो.

गोष्ट इथे संपली असती. पण २०१९च्या जानेवारीत कॉलेजने जाहीर केलं, की हे सत्र शेवटचं. विद्यार्थी कमी होत गेले, पैसा उरला नाही. त्याच वसंतात व्हरमाँटमधली आणखी दोन छोटी कॉलेजं बंद झाली, पुढच्या वर्षी आणखी एक बोस्टनमधल्या कॉलेजात विलीन झालं. त्या भागात कॉलेजला जाण्याच्या वयाची मुलंच कमी झाली आहेत. ज्यांच्यामागे मोठी देणगीची गंगाजळी नाही अशी छोटी कॉलेजं एकेक करून खाली बसत आहेत. ग्रीन माउंटनचे विद्यार्थी पांगले. काही जण ॲरिझोनातल्या प्रेस्कॉट कॉलेजमध्ये गेले.

बंद होताना कुणीही असं म्हटलं नाही, की ठीक आहे, साधनसंपत्तीचा हिशोब बघता हे कॉलेज आता ओझं ओढू शकत नाही, तेवढंच शिक्षण दुसरीकडे कमी खर्चात मिळेल. असं म्हणणं अगदी तर्कशुद्ध झालं असतं. शेकडो मुलांसाठी वेगळ्या इमारती तापवण्यापेक्षा त्यांना एखाद्या मोठ्या सरकारी विद्यापीठात पाठवलं तर पृथ्वीवरचा भार कदाचित हलकाच होईल. पण ज्यांनी तिथे चार वर्षं काढली त्यांना नेमकं तेच कॉलेज हवं असतं. तीच नदी, तोच गोठा, त्याच अर्धवट दुरुस्त केलेल्या खिडक्या. बेरजेत न बसणारी एखादी विशिष्ट गोष्ट, जिची जागा दुसरी तशीच गोष्ट घेऊ शकत नाही. ‘व्हाइन’वाले बिल आणि लूबद्दल तेच तर म्हणत होते.

अशा कॉलेजात शिकायला जावं का, असं कुणी तरुण वाचक विचारेल, आणि तो प्रश्न हवेतला नाही. ग्रीन माउंटन गेलं, पण त्याच जातकुळीतलं ‘कॉलेज ऑफ दि अटलांटिक’ मेन राज्यातल्या एका बेटावर आहे. १९७२पासून तिथे मुलं शिकतात, आणि पदवी एकच, ‘ह्युमन इकॉलॉजी’. मुळशीतल्या ‘युनायटेड वर्ल्ड कॉलेज’सारख्या शाळांमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती देणारी जी डेव्हिस योजना २०००मध्ये सुरू झाली, तिच्यातल्या पहिल्या पाच कॉलेजांमध्ये हे एक होतं. तेव्हा आपल्याकडून तिथे जाणारी वाट अगदी अशक्य नाही. मी म्हणेन, जमत असेल तर जा. फक्त माहितीपत्रकात कॉलेज किती हिरवं आहे ते बघू नका, बॉयलर कशावर चालतो तेही नंतर बघा. तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठा आणि विचारा, की अख्खं कॉलेज ज्यावरून दोन गटांत फुटलं असं शेवटचं भांडण कशावरून झालं, आणि ते चाललेलं असताना दोन्ही गट एकाच मेसमध्ये जेवत होते का.

ग्रीन माउंटनचा कॅम्पस २०२० साली लिलावात गेला. तो घेतला व्हिस्कीच्या धंद्यात नाव कमावलेल्या एका उद्योजकाने.